वर्षानुवर्षं चालणारी पोटगी : भरणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं हिशोब कसा सांभाळायचा

मी दहा वर्षांपासून पोटगी भरायलोय. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी खत-बियाण्याचं दुकान आहे, चार एकर कोरडवाहू रान आहे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत बँकेतून नऊ हजार जातात. सहा घटस्फोट झालेल्या बायकोचे, तीन पोराचे. वकील नाही मी, पण एवढ्या वर्षांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जे कळलं ते गावातल्या बऱ्याच जणांना तोंडी सांगत आलो. दुकानात एखादा माणूस युरियाची गोणी घेतो, पैसे देतो आणि मग जातच नाही, उगं दराच्या पाटीकडं बघत उभा राहतो, तेव्हा मला कळतं विषय काय आहे ते. म्हणलं एकदा लिहूनच काढावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. घटस्फोट कसा झाला, चूक कुणाची होती, सासरच्यांनी काय केलं, हे सगळं पोटगीच्या हिशोबात आणलं की माणूस बुडतो. मोंढ्यात आडत्याशी भांडण असलं तरी पट्टी (माल विकल्याची पावती) आपण जपून ठेवतोच ना? पोटगीचं तसंच आहे.

हुकूम नीट वाचा, वकिलानं सांगितलेला नाही, कागदावरचा

अर्ध्याअधिक लोकांकडं हुकुमाची नक्कलच नसते. "पाच हजार ठरलेत" एवढंच माहीत. नक्कल अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि त्यात चार गोष्टी पेनानं खुणा करून ठेवा.

पहिली म्हणजे कलम. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा हुकूम असेल (१ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, जुने हुकूम तसेच चालू राहतात) तर वसुली वॉरंट काढून होते आणि त्यात कैदही होऊ शकते. हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ असेल तर ती घटस्फोटाबरोबरची कायमची पोटगी, तिच्या वसुलीला दिवाणी दरखास्त (हुकूम अमलात आणायचा अर्ज) लागते. कलम २४ म्हणजे केस चालू असतानाची अंतरिम, केस निकाली निघाली की तिचं काम संपतं. काही ठिकाणी घरगुती हिंसाचार कायद्याखालीही वेगळा हुकूम असतो. दोन-तीन कायद्यांखाली हुकूम झाले असतील तर घाबरू नका, एकातली रक्कम दुसऱ्यात वजा धरायची असते, पण त्यासाठी आधीचा हुकूम दुसऱ्या कोर्टाला दाखवावा लागतो. न दाखवता मनानंच वजा करून भरलं की थकबाकी झालीच म्हणून समजा.

दुसरी, पोटगी कधीपासून लागू. सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे हुकूम झाला त्या दिवशीच मागची थकबाकी अंगावर असते. माझा निकाल त्याच्या आधीचा, तरी जज साहेबांनी अर्जाच्या तारखेपासूनच दिली. जून २०१३ चा अर्ज, फेब्रुवारी २०१५ चा हुकूम, वीस महिने गुणिले सहा हजार म्हणजे एक लाख वीस हजार. त्यातून अंतरिमचे भरलेले पस्तीस हजार वजा जाऊन पंच्याऐंशी हजार. मी पुढच्या महिन्यापासून सहा हजार भरायचे समजून घरी आलो होतो! तूर विकून आणि कोर्टाकडून हप्ते मागून घेऊन फेडले.

तिसरी गोष्ट, बायकोची रक्कम किती आणि लेकराची किती, हे वेगवेगळं लिहिलंय का. पुढं याचं लई महत्त्व आहे. चौथी, पैसे कुठं भरायचे, तिच्या खात्यावर का कोर्टात.

भरणा : हातात रोख कधीच नाही

ही माझी स्वतःची खोड मोडलेली गोष्ट. २०१५ चा खरीप गेला, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना आठवत असंल. आमच्याकडं दुकानात उधारी अडकली, रानात काही नाही, जानेवारी ते मे पाच महिने मी खात्यावर एक रुपया टाकला नाही. मधे दोनदा तिच्या भावाला एसटी स्टँडवर बोलावून सहा-सहा हजार दिले. रसवंतीच्या बाकड्यावर बसून मोजून दिले, रस पण मीच पाजला. पावती? अहो साला होता तो, पावती कसली मागता.

मग कोर्टाची नोटीस आली, ती मी गल्ल्यात टाकून दिली. जूनमध्ये पाऊस पडला, सोयाबीनच्या बियाण्याला दुकानासमोर रांग लागलेली आणि त्या रांगेतच दोन पोलीस वॉरंट घेऊन उभे. गिऱ्हाईकं बाजूला सरकली. दुकानातलं कामाचं पोरगं म्हणालं, "साहेब, चहा सांगू का?" त्यांनी चहा घेतला आणि मला घेऊन गेले. कोर्टात मी बारा हजार दिल्याचं सांगितलं, भाऊ म्हणाला ती जुनी उसनवारी होती. माझ्याकडं कागद नाही, त्याच्याकडं पण नाही, आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं काम माझं. तीस हजार पूर्ण भरले तेव्हा सुटलो. ते बारा हजार रसाबरोबर गेले.

तर हे असं करा:

तिच्या खात्यावर बँकेतून ऑटो ट्रान्सफर लावून ठेवा, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही. फोन-पे, गूगल-पे नं टाकत असाल तर शेऱ्यात "पोटगी मार्च २०२५, स्वतःसाठी ६०००, मुलासाठी ३०००" असं लिहा, नुसतं "घे" असं लिहू नका (असं लिहिणारा माणूस मी बघितलाय). तिनं खाते नंबर दिला नाही, किंवा बदलला आणि सांगितलं नाही, तर थांबायचं नाही, कोर्टात नाझरकडं (कोर्टाचे पैसे सांभाळणारा कर्मचारी) भरणा करायचा, पावती घ्यायची आणि पैसे भरल्याची पुरशिस (कोर्टाला लेखी कळवणं) द्यायची. वर्षातून एकदा पासबुक भरून घ्या, झेरॉक्स काढा, एका फाईलीत ठेवा. जुनं पासबुक संपलं म्हणून फेकायचं नाही.

पोराला सायकल घेतली, दिवाळीला कपडे केले, शाळेची फी भरली, ते सगळं आनंदानं करा, पण हुकुमात तसं लिहिलेलं नसेल तर ते पोटगीत धरत नाहीत. फी परस्पर शाळेत भरायची सोय हवी असेल तर तसा तडजोडीचा मजकूर दोघांच्या सहीनं कोर्टात द्या.

पैका बारा महिने येत नाही, त्याचं काय

मराठवाड्यातली खरी अडचण ही आहे. हुकूम महिन्याचा, पैका हंगामाचा. सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापूस संक्रांतीपर्यंत, तूर त्याच्या मागंपुढं, ऊस असला तर कारखान्याचं बिल कधी येईल ते कारखान्यालाच ठाऊक. चैत्रापासून मृगापर्यंत घरात खडकू नसतो आणि बरोब्बर तेव्हाच थकबाकी साठते.

दोन मार्ग आहेत. पहिला साधा, दिवाळीनंतर माल विकला की आठ महिन्यांची पोटगी वेगळ्या खात्यात टाकून द्यायची, त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात ठेवायचं नाही, ऑटो ट्रान्सफर तिथूनच लावायचं. मी २०१६ नंतर हेच केलं. दुसरा मार्ग फार कमी लोकांना माहीत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये एकरकमी, मासिक किंवा ठरावीक मुदतीनं अशी कशीही रक्कम देता येते. म्हणजे शेतकरी घर असेल तर तडजोडीतच "दिवाळीनंतर इतके, मार्चअखेर इतके" असं लिहून घेता येतं. पण बाईच्या बाजूनं बघितलं तर तिला किराणा दर महिन्याला लागतो, सहामाही पैसे मान्य करायचे तर पहिली रक्कम आगाऊ हातात घेऊनच मान्य करा. १२५ खाली मात्र रक्कम मासिकच ठरते.

उत्पन्नाचं शपथपत्र : इथं खोटं लिहिलं की पुढची दहा वर्षं नडतं

त्याच २०२० च्या निकालानं दोघांनाही मालमत्ता आणि देण्याघेण्याचं शपथपत्र देणं सक्तीचं केलं. विशेष म्हणजे शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्यात वेगळा नमुना आहे. जमीन किती, कोरडवाहू का ओलिताची, कोणती पिकं, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईनं केलेली जमीन, गाई-म्हशी-शेळ्या, सगळं विचारलेलं आहे. बरेच वकील सवयीनं नोकरदाराचाच नमुना भरून देतात, तेव्हा मागून घ्या.

लोकांची पहिली युक्ती म्हणजे केस लागली की रान भावाच्या नाहीतर आईच्या नावावर करून द्यायचं. सातबारा आता मोबाईलवर दिसतो, फेरफाराची तारीखही दिसते, आणि नोटिशीनंतर महिन्याभरात केलेलं बक्षीसपत्र बघून कोर्ट काय समजायचं ते समजतं. वर पोटगीचा हक्क असा फुकटात जमीन घेणाऱ्यावरही चालवता येतो, म्हणजे भावालाही गोत्यात आणता.

घेणाऱ्या बाजूनं उत्पन्न दाखवायचं तर सातबारा, आठ-अ, पीक पेरा, मोंढ्यातल्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिलं, पीकविम्याची नोंद, गाडी-ट्रॅक्टरची आरसी. माझ्या चुलत बहिणीचा नवरा बीडकडं कारखान्याला ट्रॅक्टर लावतो, ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ उचल वाटतो लाखांनी आणि कोर्टात सांगितलं मी मजुरी करतो. बहिणीनं कारखान्याकडून वाहतुकीच्या बिलांचं रेकॉर्ड कोर्टामार्फत मागवलं तेव्हा मजुरी संपली.

किती टक्के पोटगी लागते हे सगळेच विचारतात. २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली होती, म्हणून तो आकडा सगळीकडं फिरतो, पण तो कायद्यातला नियम नाही. दोघांचं उत्पन्न, राहणीमान, लेकरं, आईबापांची जबाबदारी, लग्न किती वर्षं टिकलं हे सगळं बघतात. स्वतःच्या मर्जीनं काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते दाखवून पगार कमी दाखवायचा प्रयत्न सहसा चालत नाही. आणि ती शिवणकाम करून चार पैसे कमावते म्हणून पोटगी आपोआप बंदही होत नाही, फार तर रक्कम ठरवताना ते धरतात.

झेपत नाही तेव्हा : आधी अर्ज, मग कमी

नोकरी गेली, आजारपण आलं, दुष्काळ पडला, तर रक्कम कमी करून मागता येते. १२५ च्या हुकुमाला नव्या संहितेचं कलम १४६ (जुनं १२७), कलम २५ च्या हुकुमाला त्याच कलमातलं पोटकलम २. दोन्हीकडं एकच गोष्ट दाखवायची, हुकूम झाला तेव्हाची परिस्थिती आणि आताची यात फरक काय पडला. नुसतं महागाई वाढली म्हणून भागत नाही, तिलाही तीच महागाई आहे की.

पण अर्ज द्यायच्या आधीची थकबाकी सहसा माफ होत नाही, म्हणून सहा महिने थकवून मग अर्ज करणारा फसतो. अडचण आली त्याच महिन्यात अर्ज टाका, आणि अर्ज चालू असताना जमेल तेवढं, निम्मं का होईना, भरत राहा. मी २०१६ ला जानेवारीतच अर्ज केला असता, सोबत दुष्काळ जाहीर झाल्याचा कागद आणि दुकानाची उधारीची वही जोडली असती, तर पोलीस दुकानात आले नसते. तेव्हा मला वाटलं, दुष्काळ तर सगळ्यांना दिसतोय, कोर्टाला वेगळं काय सांगायचं. कोर्टाला फक्त कागद दिसतो.

दुसरं लग्न केलं म्हणून पहिली पोटगी कमी होईल या भरवशावर राहू नका. नवीन लेकरांची जबाबदारी विचारात घेतात, पण लग्न तुम्ही खुशीनं केलंय.

कैद भोगली की पैसे फिटले, हाही एक गोड गैरसमज आहे. कैद ही वसुलीसाठीचा दाब आहे, थकबाकी तशीच उभी राहते. सुप्रीम कोर्टानं १९८८ लाच हे स्पष्ट केलंय.

घेणाऱ्या बाईनं काय सांभाळायचं

इथं सगळ्यात मोठा खड्डा एक वर्षाचा आहे. १२५ खालची थकबाकी वॉरंटनं वसूल करायची तर रक्कम द्यायची तारीख झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुली अर्ज करावा लागतो. माझ्या त्याच बहिणीला महिना चार हजार होते. नवरा म्हणायचा कारखाना बंद झाला की देतो, पट्टा पडला (ऊसतोड संपली) की देतो, आणि ही वाट बघत राहिली, बावीस महिने. अठ्ठ्याऐंशी हजारांतले अठ्ठेचाळीस हजारच त्या अर्जात धरले गेले. चाळीस हजार नुसत्या भिडेपायी. तेव्हा सरळ नियम ठेवा, तीन महिने थकले की अर्ज, मग तो कितीही गोड बोलो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी तिथं वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन लागतो. नवरा झेडपीत, एसटीत, बँकेत असेल तर पगारातूनच परस्पर कापून मागा. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीच्यावर जप्ती लागू शकते. आणि जमीनदार असेल तर कलम २५ खाली जमिनीवर बोजा मागता येतो. हुकूम घेऊन तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज द्यायचा, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्यायची. घेणारा गिऱ्हाईक सातबारा बघतोच, मग ते रान गुपचूप विकणं अवघड जातं.

वाढ मागायला लाजू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात महिना पन्नास हजार पोटगी देऊन दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ लावून दिली. तडजोड करतानाच असं कलम घालून घेतलं तर पुन्हापुन्हा कोर्टात जायचं वाचतं, आणि भरणाऱ्यालाही पुढचं दिसतं. आमच्या नऊ हजारांना हेच लावलं तर दहा वर्षांनी साधारण साडेअकरा हजार होतात. मला विचाराल तर हे परवडलं. २०२० मध्ये सहाचे एकदम नऊ झाले तेव्हा दोन महिने मला झोप नव्हती.

मुस्लिम बहिणींसाठी एक ओळ, कारण आपल्याकडं अजूनही "इद्दतपुरतंच (घटस्फोटानंतरच्या ठरावीक काळापुरतंच) मिळतं" असं सांगून परत पाठवतात. १० जुलै २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं घटस्फोटित मुस्लिम बाईलाही १२५ खाली पोटगी मागता येते हे पुन्हा स्पष्ट केलंय.

एकरकमी द्यावं का?

चावडीवर कुणीतरी आकडा फेकतं, "पाच लाखात मिटवा," आणि दोन्हीकडचे मामा मान डोलावतात. तो आकडा कुठून आला ते कुणी विचारत नाही. हिशोब असा करा. महिना नऊ हजार पंधरा वर्षं म्हणजे १६ लाख २० हजार होतात, पण ते एका दिवशी द्यायचे नाहीत. ७ टक्के व्याज धरलं तर आज साधारण १० लाख बँकेत ठेवून त्यातून पंधरा वर्षं नऊ हजार काढता येतात आणि शेवटी खातं रिकामं होतं. म्हणजे बोलणी दहाच्या आसपास सुरू व्हायला पाहिजेत, आणि महागाई यात धरलेलीच नाही हे घेणाऱ्या बाजूनं लक्षात ठेवावं.

पैसे कोर्टात डीडीनं द्या, एकरकमी मिळाल्यावर पुढं काही मागायचं नाही हा मजकूर हुकूमनाम्यात येऊ द्या, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घरी ठेवलेल्या कागदाच्या भरवशावर राहू नका. फौजदारी केस असेल तर ती रद्द करायला हायकोर्टाच्या खंडपीठात संभाजीनगरला जावं लागतं, म्हणून बहुतेक तडजोडीत निम्मे पैसे घटस्फोटाच्या वेळी आणि निम्मे तिकडची केस रद्द होताना, असं बांधलेलं असतं. दोघांनाही ते सुरक्षित. लेकराचा हिस्सा आईनं सोडला असं लिहिलं तरी लेकराचा हक्क जात नाही, तेव्हा त्याच्या नावानं वेगळी एफडी करा.

टॅक्सचं थोडक्यात: एकरकमी पोटगी सहसा भांडवली रक्कम मानतात, त्यावर टॅक्स लागत नाही, महिन्याची पोटगी तिच्या उत्पन्नात धरली जाते. देणाऱ्याला कसलीच वजावट नाही. मी विचारून बघितलं होतं, सीए हसला.

थांबते कधी

तिनं दुसरं लग्न केलं तर तिची थांबते, लेकराची नाही. पण तीही आपोआप नाही, लग्नाचा पुरावा लावून हुकूम रद्द करून घ्यावा लागतो. कुणीतरी सांगितलं, तिकडं लग्न झालं म्हणे, म्हणून भरणं बंद केलं आणि निघालं दुसऱ्याच बाईचं, असं आमच्याच तालुक्यात झालंय.

पोराची पोटगी अठरा पूर्ण होईपर्यंत. मुलीचं वेगळं, ती अविवाहित असेल आणि स्वतःचं भागवू शकत नसेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली लग्नापर्यंत बापाकडून मागू शकते, म्हणून मुलींच्या बापांनी अठराचा आकडा धरून बसू नये.

माझं पोरगं आता सतरा वर्षांचं आहे. अठरा झालं की त्याचे तीन हजार कमी करायचा अर्ज वकिलाला तयार ठेवायला सांगितलाय, हुकूम येईपर्यंत नऊच जातील. मागच्या महिन्यात त्यानं स्वतःहून फोन केला, डिप्लोमाला ॲडमिशन घ्यायचंय म्हणाला, फी किती ते सांगितलं आणि मग थोडं थांबून म्हणाला, "पप्पा, ते पोटगीत धरू नका हां." फी कॉलेजच्या खात्यावर टाकली, शेऱ्यात त्याचं नाव आणि "शिक्षण" एवढंच लिहिलं.